रान यूट्यूबचे, राबणूक आपल्या पोरांची

गावोगावी आता दहावी-बारावी झालेली पोरे मोबाईल घेऊन बांधावर उभी दिसतात. कोणी ठिबकची माहिती सांगतो, कोणी चुलीवरचे पिठले दाखवतो, तर कोणाची नुसतीच थट्टामस्करी चालते. ‘यूट्यूबवर पैसा आहे’ हे वाक्य घरोघर पोचले आहे. पैसा आहे, ते खोटे नाही. पण तो कोणाच्या रानातून आणि कोणत्या बोलीने येतो, हे समजून घेतल्याशिवाय मुलाला ‘कर’ही म्हणू नये आणि ‘सोड’ही म्हणू नये.

बटईचा हिशेब

शेतकरी बंधूंनो, हा व्यवहार तुमच्या ओळखीचाच आहे. ही बटई आहे. व्हिडिओवर ज्या जाहिराती लागतात त्यांच्या पैशातले ५५ टक्के व्हिडिओ करणाऱ्याला आणि ४५ टक्के कंपनीला मिळतात. ‘शॉर्ट्स’ म्हणजे छोट्या व्हिडिओंच्या जाहिरातींत करणाऱ्याच्या हाती वाट्याला आलेल्या रकमेतले ४५ टक्केच पडतात.

हा वाटादेखील पहिल्या दिवसापासून मिळत नाही. आधी एक हजार सबस्क्रायबर झाले पाहिजेत आणि मागच्या बारा महिन्यांत लोकांनी चार हजार तास पाहिलेले असले पाहिजे. शॉर्ट्स करणाऱ्याला तासांऐवजी ९० दिवसांत एक कोटी वेळा पाहिले गेल्याची अट आहे. चार हजार तास म्हणजे किती? पाच मिनिटांचा व्हिडिओ प्रत्येकाने शेवटपर्यंत पाहिला असे धरले, तरी तो ४८ हजार वेळा पाहिला गेला पाहिजे. पुढे शंभर डॉलर साठल्याशिवाय बँकेत काही उतरत नाही.

भावाचेही कांद्यासारखेच. परदेशातल्या श्रीमंत बाजारपेठेतल्या माणसाने पाहिले तर भाव जास्त, आपल्या तालुक्यातल्याने पाहिले तर कमी. सणासुदीला जाहिराती वाढल्या की भाव चढतो, सण सरले की उतरतो. म्हणून कोणी ‘लाख लोकांनी पाहिले’ म्हणाला, तर लाख रुपये मिळाले असे समजू नका.

पिकले कोणाचे?

तमिळनाडूच्या पुदुक्कोट्टई जिल्ह्यातल्या एका खेड्यात काही चुलतभावांनी २०१८ साली ‘व्हिलेज कुकिंग चॅनेल’ सुरू केले. सोबत आचाऱ्याचे काम केलेले आजोबा पेरियतंबी. रानात मोठ्या भांड्यांत स्वयंपाक करायचा आणि लोकांना जेवू घालायचे, एवढाच विषय. बोलणे थोडे आणि काम जास्त, त्यामुळे तमिळ न येणारेही पाहत राहिले. २०२१ साली त्यांचे एक कोटी सबस्क्रायबर झाले. एकच विषय धरून वर्षानुवर्षे नेम ठेवला, हे त्यातले खरे भांडवल.

आपल्याकडे नगर जिल्ह्यातल्या सारोळा कासारच्या सुमन धामणे आजींनी नातवाच्या मदतीने ‘आपली आजी’ हे चॅनेल नावारूपाला आणले. पण ऑक्टोबर २०२० मध्ये कोणीतरी त्याचा ताबा घेतला. काही दिवसांनी ते परत मिळाले, म्हणून निभावले.

टिकटॉकवाल्यांचे निभावले नाही. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने टिकटॉकसह ५९ ॲपवर बंदी घातली. निर्णय देशाच्या सुरक्षेसाठी झाला. पण खेड्यापाड्यांतल्या ज्या पोरांनी तिथे लाखोंचा प्रेक्षक जमवला होता, त्यांचे उभे पीक एका रात्रीत गेले. सातबारा दुसऱ्याचा आणि कुळकायदा लागू नाही, अशा रानात हे होणारच.

मग करायचे काय?

पहिली गोष्ट, जाहिरातीच्या वाट्यावर घर चालवण्याचा विचार करू नये. रोपवाटिका, गूळ, हळद, शेळीपालन असा स्वतःचा माल असेल तर व्हिडिओ ही त्याची दवंडी समजावी. आलेल्या गिऱ्हाइकाचे नाव आणि फोन आपल्या वहीत उतरवून ठेवावा. ॲप बंद पडले तरी वही आपलीच राहते.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. नाव झाले की खते, औषधे, बियाणे विकणारे पैसे घेऊन दारात येतात. पैसे किंवा फुकटचा माल घेऊन गुण गायचे असतील, तर ‘ही जाहिरात आहे’ असे स्पष्ट सांगणे २०२२ च्या केंद्रीय नियमांनुसार बंधनकारक आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. दंडाचे राहू द्या, चुकीच्या फवारणीने शेजाऱ्याचे पीक करपले तर गावात तोंड कसे दाखवायचे? पाहणाऱ्यांनीही मोबाईलवर ऐकलेले औषध कृषी सहायकाला किंवा कृषी विज्ञान केंद्राला विचारल्याशिवाय पंपात घालू नये.

तिसरी गोष्ट सरपंच आणि ग्रामसेवकांसाठी. छत्तीसगडमध्ये रायपूरजवळचे तुळसी हे जेमतेम चार हजार वस्तीचे गाव यूट्यूबसाठी ओळखले जाते. तिथल्या पोरांचे काम पाहून प्रशासनाने २०२३ साली गावात स्टुडिओ उभारून दिला. प्रत्येक ग्रामपंचायतीला ते जमणार नाही. पण वाचनालयात एक शांत खोली, भरवशाची वीज आणि इंटरनेट देणे अनेकांच्या आवाक्यात आहे.

तेव्हा पोराच्या हातातून मोबाईल हिसकावू नका. त्याला एवढेच विचारा: उद्या हे ॲप बंद पडले, तर तुझ्या हातात काय राहील? कसब, माल किंवा गिऱ्हाईक यांपैकी एक जरी नाव त्याला घेता आले, तर त्याला खुशाल करू द्या. नाही आले, तर आधी ते मिळवायला लावा.