चरित्रनाटकातील गाणे आणि बोलणे

चरित्रनाटक म्हणजे जन्मापासून मृत्यूपर्यंतच्या घटनांचे क्रमवार दर्शन, असा एक समज रूढ आहे. लॅनी रॉबर्टसन यांचे ‘लेडी डे ॲट इमर्सन्स बार अँड ग्रिल’ (१९८६) हे नाटक तो खोडून काढते. अमेरिकन जॅझ गायिका बिली हॉलिडे (१९१५-१९५९) हिचे आयुष्य येथे एकाच रात्रीत उभे राहते. स्थळ फिलाडेल्फियातील लहानसे मद्यगृह, काळ मार्च १९५९. रंगमंचावर ती आणि तिचा पियानोवादक. त्यानंतर चारच महिन्यांनी तिचे निधन झाले.

इतकी थोर गायिका अशा ठिकाणी का गाते? १९४७ मध्ये अमली पदार्थ बाळगल्याबद्दल तिला तुरुंगवास झाला आणि न्यूयॉर्कमधील मद्य विकणाऱ्या क्लबांत गाण्याचा तिचा परवाना गेला. १९४८ मध्ये ती कार्नेगी हॉलमध्ये गायली, परंतु नित्याच्या उपजीविकेचे ते दार बंदच राहिले. म्हणून नाटकातील स्थळ ही केवळ पार्श्वभूमी नव्हे. शिक्षा भोगून झाल्यावरही न संपलेली ती शिक्षा आहे.

गाण्यांच्या मध्ये ती आई, विवाह, तुरुंग, वर्णद्वेषाचे अपमान यांविषयी बोलत राहते. पेले रिते होतात तसे बोलणे भरकटते. ही निव्वळ मद्यधुंद बडबड आहे, हे मत मला मान्य नाही. आपल्या संगीत नाटकात पदासाठी कथानक पुष्कळदा थांबते; येथे वाक्य जेथे तुटते तेथे गाणे अर्थ पुढे नेते. कृष्णवर्णीयांच्या झुंडबळींवरील ‘स्ट्रेंज फ्रूट’ हे गीत ती गाते, तेव्हा ते मनोरंजन उरत नाही, साक्ष होते. २०१४ मध्ये ऑड्रा मॅकडोनाल्ड यांना या भूमिकेसाठी टोनी पुरस्कार मिळाला, तो संगीतिकेतील नव्हे, नाटकातील अभिनयासाठी. हे वर्गीकरण मला अर्थपूर्ण वाटते.

एक आक्षेप मात्र रास्त आहे. अखेरच्या पडझडीवरच प्रकाश टाकल्याने कलावंताची सिद्धी झाकोळू शकते. तालाच्या किंचित मागे रेंगाळत शब्द टाकण्याची हॉलिडेची शैली व्यसनातून नव्हे, कमालीच्या लयभानातून आली होती. प्रयोगात ते लयभान ऐकू आले नाही, तर प्रेक्षक केवळ एका स्त्रीच्या दुर्दशेला टाळ्या देतात. चरित्रनाटकाचे मूल्यमापन करताना विद्यार्थ्यांनी म्हणूनच पाहावे, की नाटक आपल्याला कलावंताचे दुःख तेवढे दाखवते, की त्याची कलाही ऐकवते.