लंडनचं पत्र

२ ऑगस्ट २०१६च्या रात्री महाडजवळचा सावित्रीवरचा जुना दगडी पूल पुरात गेला. त्याच्याबरोबर दोन एसटी गाड्या गेल्या, माणसं गेली. चार दिवसांनी आमच्या पारावर एक जण छातीठोक सांगत होता, "विलायतेतनं पत्र आलं होतं, पुलाची मुदत संपली म्हणून!" इंग्रजांच्या काळातल्या जवळजवळ प्रत्येक पुलाबद्दल ही गोष्ट सांगतात. ते पत्र पाहिलेला माणूस मला अजून भेटायचाय.

या गोष्टीची मला चीड आहे. तिच्यात दोष सगळा वयाचा, आपला काहीच नाही. पूल १९२८चा, म्हणजे ८८ वर्षांचा. दगडी कमानीला हे काय वय झालं? वरचा भार दगडाकडून दगडाकडे सरकत खांबांत उतरतो. कमान दाबानेच उभी राहते. तिचा घात करतात त्या सांध्यांत शिरलेल्या मुळ्या आणि पाण्याने खांबाखालून उकरलेली जमीन. मुळ्या कुणालाही दिसतात. खांबाचा पाया बघायला मात्र पाणी उतरल्यावर नदीत उतरावं लागतं.

माझे बाबा मैलकुली होते. आतल्या रस्त्यावरचे दोन कमानी पूल त्यांच्या वाट्याला. पावसाळा सरला की कमरेला दोर बांधून कठड्यावरून खाली लोंबायचे, सांध्यांतले पिंपळ कोयत्याने उकरून काढायचे, भोकांत चुना भरायचे. म्हणायचे, "मुळी करंगळीएवढी हाय तवर काढावी. मनगटाएवढी झाली की दगड घेऊनच येते." ते निवृत्त झाले, त्यांच्या जागी कुणी आलंच नाही.

महाडहून पोलादपूरकडे जाताना आमची एसटी शेजारच्या नव्या पुलावरून जायची. खिडकीतून जुन्या पुलाच्या दगडांत उगवलेली झाडं दिसायची. मला दिसत होती, म्हणजे सगळ्यांनाच दिसत असणार. (मी तरी कुठे कुणाला अर्ज केला?) त्याच वर्षी मे महिन्यात तपासणी झाली होती आणि पूल वाहतुकीला योग्य ठरला होता, असं पुढे सरकारनेच सांगितलं. तो पूल बघायला बाबांसारखा कुणी दोर बांधून लोंबला होता का, एवढंच मला विचारायचंय.

पडलेल्या पुलाच्या जागी नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला. कौतुक झालं, व्हायलाच हवं होतं. पण कोयतेवाल्या एका माणसाच्या पगाराला पैसा नसतो, तो पूल पडल्यावर कुठून येतो?

परवा बाबांच्या धाकट्या पुलावरून गेलो. मधल्या कमानीत पिंपळ आहे. मनगटाएवढा.