मुलगा की मुलगी?
ऑनलाइन गेम खेळताना अनोळखी खेळाडू आधी कौतुक करत राहिला. मग गाव विचारलं, मग ‘मुलगा की मुलगी?’, आणि उत्तर मिळताच थेट नग्न फोटो मागितले. समोर होती अभिनेता अक्षय कुमारची १३ वर्षांची लेक. ऑक्टोबर २०२५मध्ये मुंबईत सायबर जागृती महिन्याच्या उद्घाटनाला त्यानेच हे सांगितलं आणि सातवी ते दहावीला आठवड्यातून एक सायबर तास ठेवा, अशी मागणी मुख्यमंत्र्यांकडे केली. पोरीने गेम बंद केला आणि आईला सांगितलं. खरं शहाणपण ते! बिलोलीसारख्या गावाच्या बसस्थानकावर नवखा माणूस दिसला, तर ‘कुठले पाव्हणे?’ विचारणारे दहा जण निघतात. मोबाइलात शिरलेल्याला कोण विचारणार? आपल्याकडची बरीच पोरं गप्प बसतात ती त्या माणसाला भिऊन नव्हे, बाप मोबाइल काढून घेईल म्हणून. तेव्हा आधी ऐकून घ्या, ओरडायचं नंतर बघू. चॅट पुसू नका, स्क्रीनशॉट ठेवा, तोच पुरावा. मुलांसाठी १०९८ हा मदत क्रमांक मोफत आहे आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर मुलांच्या लैंगिक छळाच्या ऑनलाइन मजकुराची तक्रार नाव न देताही करता येते.