तिसगावच्या तब्येतीचा आकडा कुठे आहे?

१६ जून २०२५ रोजी केंद्र सरकारने जनगणनेची अधिसूचना काढली. १ मार्च २०२७ ही तिची संदर्भ तारीख. तेव्हापासून आपल्या मोहल्ल्यांत, चहाच्या टपरीवर आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर दोनच प्रश्न फिरताहेत. जातीच्या रकान्यात काय लिहायचं? आणि कागदपत्रं मागतील का? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पण त्याला जोडूनच एक तिसरा प्रश्न आहे, तो मात्र कुणी काढत नाही. आपल्या गावाची, आपल्या समाजाची तब्येत कशी आहे, हे सरकारला कळतं कसं?

पाथर्डी तालुक्यातलं तिसगाव घ्या. अहिल्यानगरहून पाथर्डीला जाताना लागणारं, बाजारपेठेचं मोठं गाव. मुस्लिम वस्ती पिढ्यान्‌पिढ्यांची. या गावात गेल्या वर्षी किती बाळं पहिला वाढदिवस बघू शकली नाहीत, किती गरोदर बायकांच्या अंगात रक्त कमी होतं, चाळिशीच्या आत किती जणांना शुगर लागली, हे शोधायला बसलात तर देशाच्या कुठल्याही मोठ्या पाहणीत उत्तर मिळणार नाही. कारण त्या पाहण्या गावासाठी केलेल्याच नसतात.

आधी हे मोजमाप कसं चालतं ते बघू. महाराष्ट्राचा अर्भक मृत्यूदर किती, असं विचारलं तर दोन सरकारी उत्तरं मिळतात. नमुना नोंदणी पद्धतीच्या २०२० च्या अहवालात तो १६ आहे, म्हणजे जन्मलेल्या दर हजार बाळांमागे १६ बाळं वर्षाच्या आत दगावतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत तोच आकडा २३ आहे. मग खोटं कोण बोलतंय? कुणीच नाही. पहिल्या पद्धतीत निवडक गावांत आणि वॉर्डांत जन्म-मृत्यूची नोंद वर्षभर चालू असते, दर सहा महिन्यांनी दुसरा माणूस घरोघर जाऊन ती पडताळतो, आणि हिशोब त्या वर्षाचा असतो. दुसऱ्या पद्धतीत बाईला तिच्या सगळ्या बाळंतपणांबद्दल विचारतात आणि मागच्या पाच वर्षांचा हिशोब लावतात. मोजण्याची रीत बदलली की आकडा बदलतो. म्हणून टीव्हीवर कुणी एखादा आकडा फेकला, तर पहिला प्रश्न हा विचारावा: कुणी मोजला, कधी मोजला, कसा मोजला?

दुसरी गोष्ट नमुन्याची. पाचव्या फेरीत महाराष्ट्रातली ३१,६४३ घरं पाहिली गेली. जिल्हे ३६. म्हणजे एका जिल्ह्याच्या वाट्याला सरासरी नऊशेच्या आत घरं. अहिल्यानगरसारख्या भल्यामोठ्या जिल्ह्याचा ढोबळ अंदाज त्यातून बांधता येतो, पण तिसगावचा, पाथर्डी तालुक्याचा किंवा जिल्ह्यातल्या मुस्लिम कुटुंबांचा वेगळा अंदाज त्यातून निघत नाही. जिल्ह्याच्या पत्रकात धर्मनिहाय आकडे नसतातच. शिवाय असा नमुना निवडताना पाया लागतो जनगणनेचा, आणि आपल्याकडची शेवटची जनगणना २०११ ची. मधल्या काळात गावं बदलली, माणसं शहराकडे गेली, ऊसतोडीची ये-जा चालूच राहिली.

सरासरी काय लपवते, याचं उदाहरण पाथर्डीला लागून असलेल्या बीड जिल्ह्यातच आहे. राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रात गर्भाशय काढलेल्या बायकांचं प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास दिसत होतं. त्यावरून कुणालाच काही वावगं वाटलं नसतं. २०१९ मध्ये ओरड झाल्यावर राज्य सरकारने समिती नेमली आणि बीडमधल्या ८२,३०९ ऊसतोड कामगार बायकांची पाहणी झाली. त्यातल्या १३,८६१ बायकांचं गर्भाशय काढलेलं होतं. म्हणजे साधारण सहापैकी एक. पाथर्डी आणि शेवगावातूनही दरवर्षी कोयता घेऊन कुटुंबं बाहेर पडतात. बीडच्या बायकांचं दुखणं आधीपासून होतं. मोजल्यावर ते आकड्यात दिसलं.

आता आपल्या समाजाच्या आकड्यांकडे येऊ. एक आकडा सगळ्यांना पाठ आहे, मुलांच्या संख्येचा. तोही अर्धाच सांगितला जातो. राष्ट्रीय सर्वेक्षणाच्या पहिल्या फेरीत, १९९२-९३ मध्ये, मुस्लिम स्त्रीमागे सरासरी मुलं ४.४ होती. पाचव्या फेरीत ती २.३६ वर आली. हिंदू स्त्रीमागे ती १.९४ आहेत. म्हणजे दोन्हीकडे उतार आहे आणि अंतर झपाट्याने कमी होतंय. दुसरा आकडा मात्र फारसा कुणाला माहीत नसतो. न्यायमूर्ती राजेंद्र सच्चर समितीने २००६ च्या अहवालात नोंदवलं होतं की गरिबी आणि शिक्षणाची पिछेहाट असूनही मुस्लिमांमध्ये अर्भक आणि बालमृत्यूचं प्रमाण देशाच्या सरासरीपेक्षा कमी आहे. शहरी राहणी हे त्यामागचं एक कारण मानलं जातं. पण खेड्यातल्या आणि कोरडवाहू भागातल्या मुस्लिम घरालाही हा फायदा मिळतो का? तिसगावचा आकडाच नाही, तर हो म्हणायचं कशावरून आणि नाही म्हणायचं कशावरून?

जिथे आकडा आहे तिथे काळजीचं कारणही आहे. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या बायकांमध्ये रक्तक्षयाचं प्रमाण चौथ्या फेरीत ४८ टक्के होतं, पाचव्या फेरीत ५४.२ टक्के झालं. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांमध्ये ते ५३.८ वरून ६८.९ टक्क्यांवर गेलं. यावर तज्ज्ञांमध्ये वाद झाला. बोटाला टोचून घेतलेल्या थेंबभर रक्तावरून हे मोजणं कितपत बरोबर? पुढे सहाव्या फेरीतून ही तपासणी वगळली आणि शिरेतून रक्त घेऊन वेगळी पाहणी करायचं ठरलं. वाद मोजण्याच्या रीतीचा आहे, तो तज्ज्ञांनी सोडवावा. आपल्या घरातली सून दुपारपर्यंत थकून बसते, जिना चढताना धापा टाकते, त्यासाठी सहाव्या फेरीची वाट कशाला बघायची? सरकारी आरोग्य केंद्रात रक्ताची तपासणी होते आणि लोहाच्या गोळ्या फुकट मिळतात. घरात सगळ्यांत शेवटी आणि उरलंसुरलं कोण खातं, हेही एकदा बघायला हवं.

तब्येत म्हणजे फक्त रक्त आणि शुगर नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९४८ पासून लागू असलेल्या घटनेत आरोग्याची व्याख्या शरीर, मन आणि समाज या तिन्ही अंगांनी धड असणं अशी आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिसगावजवळच्या मढी गावाच्या ग्रामसभेत यात्रेत मुस्लिम व्यापाऱ्यांना दुकानं लावू न देण्याचा ठराव झाला आणि राज्यभर त्याची चर्चा झाली. चर्चा कायद्याची झाली, राजकारणाची झाली. यात्रेच्या धंद्यावर ज्या घराचा पावसाळ्यापर्यंतचा खर्च भागतो, त्या घरात दूध कमी झालं का, औषध अर्धवट सोडलं का, बापाची झोप उडाली का, हे कुठल्याही रकान्यात येत नाही. पण बरं असण्याचा हिशोब करायचा तर ते आलं पाहिजे.

मग गावाने करायचं काय? उत्तर आपल्याच जिल्ह्यात, जामखेडला आहे. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने तिथे काम सुरू केलं. १९७१ च्या सुमारास त्या भागात हजारामागे १७६ बाळं दगावत होती. त्यांनी गावोगावच्या बायकांना आरोग्य सेविका म्हणून शिकवलं. त्यातल्या कितीतरी जणींना लिहिता-वाचता येत नव्हतं. कोणाच्या घरी गरोदर बाई आहे, कोणाच्या बाळाला जुलाब लागलेत, पाणी कुठून भरतात, हे त्यांना माहीत होतं. पंचवीस वर्षांच्या आत तो मृत्यूदर तिशीच्या खाली आला. पुढे २००१ मध्ये डॉ. अभय बंग आणि इतर संस्थांनी ‘कोवळी पानगळ’ या अहवालात दाखवून दिलं की सरकारी नोंदीत दिसतात त्यापेक्षा कितीतरी जास्त बालमृत्यू राज्यात होतात. मोजणारे गावातलेच होते.

गावात दर काढायची गरजही नसते. समजा वर्षाला शंभर बाळं जन्मली. हजारामागे १६ म्हणजे त्यात एक किंवा दोन. एक बाळ जास्त दगावलं तर दर एकदम दहाने वाढतो, त्यावरून काही ठरवता येत नाही. पण त्या एका बाळाच्या घरी जाऊन विचारता येतं: गाडी मिळाली नाही? वजन कमी होतं? आईला वेळेवर नेलं नाही? पुढचं बाळ वाचवायला एवढी माहिती पुरते.

सुरुवात अगदी साध्या कामांनी होईल. बाळ जन्मलं की २१ दिवसांच्या आत नोंद करा. पहिलं बाळंतपण माहेरी झालं असेल तर नोंद तिथल्याच कार्यालयात होते, हे ध्यानात ठेवा. नाव ठरलं नसेल तरी नोंद थांबवू नका, नाव नंतर घालता येतं. २०२३ च्या दुरुस्तीनंतर शाळेपासून मतदार यादीपर्यंत जन्मदाखला लागतो, आणि वर्ष उलटलं की अधिकार असलेल्या दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय नोंद होत नाही. २०२५ मध्ये राज्यात उशिराच्या दाखल्यांची फेरतपासणी सुरू झाली, तेव्हा किती कुटुंबांची धावपळ झाली ते आपण पाहिलंच. मृत्यूचीही नोंद करा. दफन उरकलं की आपण विसरतो आणि मरणाचं कारण कायमचं हरवतं.

आशाताई दारात आल्या तर त्यांना बसवा आणि खरं सांगा. २०१९-२० मध्ये नागरिकत्वाच्या वादामुळे देशात ठिकठिकाणी पाहणीवाल्यांना दारातूनच परत पाठवलं गेलं. भीती उगाच नव्हती. पण आरोग्य पाहणीत आपली घरं गळली, तर आपलं दुखणंही गळतं. जनगणनेच्या बाबतीत १९४८ च्या कायद्याचं १५ वं कलम सांगतं की तुम्ही दिलेली माहिती न्यायालयात पुरावा म्हणून वापरता येत नाही. हे मशिदीत जुम्म्याला सांगितलं गेलं तर निम्मी शंका तिथेच मिटेल.

आणि ग्रामसभेत एक मागणी करा: गावातल्या जन्म, मृत्यू, गरोदर माता आणि कमी वजनाच्या मुलांचा गोषवारा, नावं न घेता, वर्षातून दोनदा वाचून दाखवा. सगळ्या जाती-धर्मांचा, एकत्र. तो कागद हातात आला, की तिसगावची तब्येत कशी आहे या प्रश्नाचं उत्तर तिसगावालाच देता येईल.