साध्या डोकेदुखीच्या आडून

डोके दुखते म्हणून कोणी इस्पितळ गाठत नाही. बाम चोळावा, उन्हाचे निमित्त सांगावे आणि दिवस ढकलावे, ही आपली रीत. क्रिप्टोकॉकस या बुरशीमुळे होणाऱ्या मस्तिष्कावरणदाहाचे नेमके याच रीतीमुळे फावते. कबुतरांच्या विष्ठेत, मातीत वाढणारी ही बुरशी श्वासावाटे शरीरात शिरते. धडधाकट माणसाला ती सहसा बाधत नाही. एचआयव्हीने प्रतिकारशक्ती खचलेल्यांच्या मात्र मेंदूपर्यंत पोहोचते. ताप बेताचा, मानही ताठरेलच असे नाही. पण डोकेदुखी आठवडेच्या आठवडे हटत नाही. पुढे वांत्या, अंधुक दृष्टी, भ्रम. उपचाराविना मृत्यू जवळजवळ अटळ.

2020 साली या रोगाने जगभर सुमारे 1,12,000 बळी घेतले, असा अंदाज आहे. वास्तविक रक्ताच्या पट्टी-चाचणीने 10 मिनिटांत त्याचा सुगावा लागतो. लायपोसोमल अँफोटेरिसिनची एकच मोठी मात्रा, सोबत फ्लुसायटोसीन व फ्लुकोनाझोल, हा सुटसुटीत उपचार आफ्रिकेतील पाच देशांत पारखला गेला आणि 2022 साली जागतिक आरोग्य संघटनेने तो स्वीकारला. तरीही त्या प्रयोगात 10 आठवड्यांत चारांपैकी एक रुग्ण दगावलाच. शिवाय मेंदूवरील दाब उतरविण्यासाठी कण्यातून पाणी पुनःपुन्हा काढावे लागते, आणि आप्तेष्ट बिचकतात ते या सुईलाच!

सीडी4 पेशी 100 च्या खाली गेलेल्या प्रत्येक एचआयव्हीबाधिताची, डोके दुखो वा न दुखो, ही चाचणी झाली पाहिजे, आणि औषधे जिल्हा इस्पितळांच्या भांडारात आधीच असली पाहिजेत. रुग्ण बेशुद्ध झाल्यावर नातेवाइकांच्या हाती चिठ्ठी देणे, याला आम्ही उपचार म्हणत नाही.