सेवेला अभ्यासाची जोड देणारे प्राध्यापक

समाजसेवेला शिक्षण कशाला हवे, हा प्रश्न आपल्याकडे अजूनही मोठ्या सात्त्विक आत्मविश्वासाने विचारला जातो. मनात कणव असावी, अंगात कष्टाची तयारी असावी. मग पदवीची गरजच काय? महाराष्ट्रात तर हा प्रश्न अधिकच स्वाभाविक वाटतो. महर्षी कर्वे किंवा बाबा आमटे समाजकार्याच्या कोणत्याही महाविद्यालयात गेले नव्हते. त्यामुळे वेतन घेऊन समाजकार्य करणारा मनुष्य हा येथे काहीसा संशयाचाच विषय राहिला. या संशयाला आयुष्यभराच्या कामातून उत्तर देणारे एक प्राध्यापक म्हणजे माधव सदाशिव गोरे. १९२१ साली जन्मलेले आणि २०१० मध्ये दिवंगत झालेले गोरे आज समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांपलीकडे फारसे कोणाला ठाऊक नाहीत. सेवाकार्यात राबणाऱ्या कार्यकर्त्याला तर त्यांचे नावही ऐकून माहीत नसते. यात गोरे यांची हानी काहीच नाही. हानी आहे ती कार्यकर्त्याची.

त्यांचा जीवनक्रम थोडक्यात सांगता येतो. अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठाची डॉक्टरेट, दिल्लीच्या समाजकार्य विद्यालयाचे प्राचार्यपद, त्यानंतर १९६२ ते १९८२ अशी सलग वीस वर्षे मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेचे संचालकपद, १९७५ मध्ये पद्मभूषण आणि पुढे मुंबई विद्यापीठाचे कुलगुरुपद. पदांची ही यादी मोठी असली, तरी तिच्यावरून त्यांच्या कार्याचे मर्म कळत नाही.

ते कळण्यासाठी टाटा संस्थेचा उगम पाहावा लागतो. अमेरिकन मिशनरी क्लिफर्ड मॅन्शार्ट यांनी मुंबईच्या नागपाड्यातील गरीब वस्तीत काम करता करता प्रशिक्षित कार्यकर्त्यांची निकड ओळखली आणि त्यांच्या पुढाकाराने १९३६ मध्ये सर दोराबजी टाटा न्यासाच्या साहाय्यातून ही शाळा उभी राहिली. भारतातील समाजकार्य-शिक्षणाचे बीज असे परदेशी होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. अभ्यासक्रमही अमेरिकेच्याच धर्तीचा. तेथील समाजकार्याचा भर एकेका व्यक्तीवर होता. अडचणीत सापडलेल्या मनुष्याला परिस्थितीशी जुळवून घेण्यास साहाय्य करणे, हे त्याचे मुख्य सूत्र. परंतु जेथे संपूर्ण वस्तीलाच पाणी नाही, काम नाही, तेथे एकट्यादुकट्याने कशाशी जुळवून घ्यायचे? भारतातील समाजकार्याने दारिद्र्य आणि विकास हे विषय केंद्रस्थानी आणले पाहिजेत, असे गोरे यांनी १९६५ सालच्या आपल्या ग्रंथात आणि त्यानंतरही आग्रहाने मांडले. परदेशात शिकून आलेल्या विद्वानाने परदेशी साच्याच्या मर्यादा दाखवाव्यात, हे त्या काळात तितकेसे सोपे नव्हते. त्यांच्याच कारकिर्दीत, १९६४ मध्ये, संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला.

गोरे यांचा सर्वांत महत्त्वाचा अभ्यास मात्र मध्यमवर्गीय वाचकाच्या घरातला आहे. शहर आले की एकत्र कुटुंब मोडते, असे आपण सारेच गृहीत धरतो. काहींना त्याचे दुःख होते, काहींना ती प्रगती वाटते. गोरे यांनी हे गृहीत न धरता दिल्ली व परिसरातील अग्रवाल कुटुंबांची पाहणी केली. १९६८ मध्ये ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. नागरी वास्तव्य आणि शिक्षण यांमुळे काही बदल होत असले, तरी वागणुकीत, नात्यांच्या कल्पनांत आणि मनोवृत्तीत ही कुटुंबे बव्हंशी एकत्र कुटुंबाच्याच वळणावर चालत होती, असे त्यांना आढळले. परंपरेच्या अभिमान्याला हे वाचून समाधान वाटेल. पण त्याने तेथेच ग्रंथ मिटवू नये. पिता-पुत्र आणि भाऊ-भाऊ यांचे बंध घट्ट ठेवण्यासाठी या व्यवस्थेला पती-पत्नीमधील जवळीक मर्यादेत ठेवावी लागते, हेही गोरे यांनी तितक्याच स्पष्टपणे दाखवून दिले. घराच्या ऐक्याचे मोल बहुधा सर्वांत धाकट्या सुनेने दिलेले असते, असा याचा सरळ अर्थ निघतो. कुटुंबव्यवस्थेचे गोडवे गाणाऱ्या व्याख्यानांतून ही दुसरी बाजू क्वचितच ऐकू येते. ज्याला ती व्यवस्था खरोखरच टिकवायची आहे, त्याला मात्र ही बाजू टाळता येणार नाही.

पोलीस प्रशिक्षणाचा विचार करण्यासाठी १९७१ मध्ये केंद्र शासनाने नेमलेल्या समितीचे अध्यक्षपद समाजकार्याच्या या प्राध्यापकाकडे आले, ही घटना आजही विलक्षण वाटते. १९७३ मध्ये समितीने अहवाल दिला. केवळ कायदा-सुव्यवस्था आणि गुन्हे यांपुरते प्रशिक्षण सीमित न ठेवता मानवी वर्तनाची जाण आणि संवेदनशीलता त्यात आणावी, हा तिचा मुख्य आग्रह होता. पोलीस ठाण्यात तक्रार घेऊन गेलेल्या कोणाही सामान्य नागरिकाला या शिफारशीचे महत्त्व पटवून देण्याची गरज नाही. तो अहवाल किती मुरला, हेही तोच सांगू शकेल. गोरे संचालकपदावरून निवृत्त झाल्यानंतर, १९८४ मध्ये, अत्याचारग्रस्त स्त्रिया व बालके यांच्यासाठी टाटा संस्थेने मुंबई पोलिसांच्या सहकार्याने विशेष कक्ष सुरू केला. त्याचे श्रेय गोरे यांना देणे योग्य होणार नाही. परंतु पोलीस आणि समाजकार्यकर्ता यांनी एकाच छताखाली बसावे, हा विचार रुजण्यास अनुकूल भूमी कोणी तयार केली, हे विसरूनही चालणार नाही.

सेवाभावी संघटनांनी गोरे यांच्याकडून काय घ्यावे, हा खरा प्रश्न आहे. किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपात ढिगाऱ्यांतून प्रेते काढण्यासाठी धावून गेलेल्या तरुणांना कोणत्याही पदवीची आवश्यकता नव्हती. त्या धैर्याला पर्याय नाही. पण पुनर्वसन वर्षानुवर्षे चालते. घर कोणाच्या नावावर होते, कुळाचे काय, विधवेचे काय, गावकुसाबाहेरच्या वस्तीला नव्या गावठाणात जागा कोठे, हे प्रश्न नुसत्या कणवेने सुटत नाहीत. त्यासाठी घरोघर जाऊन विचारावे लागते, नोंदवावे लागते आणि अप्रिय उत्तरही मान्य करावे लागते. दुसऱ्या बाजूला, व्यावसायिक समाजकार्यकर्त्यांपैकी अनेक जण प्रकल्प, अनुदान आणि अहवाल यांच्या फेऱ्यात असे काही अडकले, की वस्तीतील माणसे मुदत संपताच त्यांच्यापासून दुरावली. हा दोषही लपवता येत नाही.

उत्तरायुष्यात गोरे यांची लेखणी महाराष्ट्राकडे वळली. ब्राह्मणेतर चळवळीवर १९८९ मध्ये, महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांच्यावर १९९० मध्ये आणि डॉ. आंबेडकरांच्या विचारांच्या सामाजिक संदर्भावर १९९३ मध्ये त्यांचे ग्रंथ आले. यांपैकी शिंदे यांची निवड विशेष अर्थपूर्ण वाटते. १९०६ मध्ये मुंबईत अस्पृश्योद्धारासाठी मिशन काढणारे शिंदे स्वतः अस्पृश्य वस्तीत जाऊन राहिले, आणि त्याच शिंद्यांनी १९३३ मध्ये अस्पृश्यतेच्या प्रश्नावर संशोधनग्रंथही लिहिला. सेवा आणि अभ्यास हे दोन वेगळे मार्ग आहेत, असे त्यांना कधी वाटलेच नाही. त्यांना ना स्वजातीने पूर्ण आपले मानले, ना ज्यांच्यासाठी ते झिजले त्यांनी.

शिंदे यांनी तो ग्रंथ मराठीत लिहिला. शिंद्यांवरील गोरे यांचा ग्रंथ इंग्रजीत आहे.