निवाडा मागणारी दोन गावे

वर्षारंभी अमुक इतकी पुस्तके वाचण्याचा संकल्प सोडण्याची जी प्रथा अलीकडे सुशिक्षितांत रुजली आहे, तिच्याविषयी मला फारसे ममत्व नाही. कारण तीत वाचनाची जमाबंदी चोख होते, वसुलीची मात्र कोणी चौकशी करीत नाही. तथापि बिदर जिल्ह्यातील औरादसारख्या गावी, जेथे घरात मराठी, कचेरीत कन्नड आणि बाजारात त्या दोहोंच्या जोडीला दखनीही चालते, तेथील वाचकाने संकल्प करायचाच तर तो संख्येचा न करता जोडीचा करावा, एका मराठी कादंबरीशेजारी एक कन्नड कादंबरी ठेवावी, असे मला वाटते. आणि यंदा मी तोच नेम धरला आहे. पहिली जोडी निघाली ती व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) आणि यू. आर. अनंतमूर्तींची ‘संस्कार’ (१९६५) यांची.

दोन्ही पुस्तके आकाराने आटोपशीर. एकीत माणदेशातील धनगरांची वाडी, दुसरीत मलनाडातील माध्व ब्राह्मणांचा अग्रहार. दोन्हीकडे अडल्या वेळी ज्याच्या दाराशी जावे असा एक शिकलेला पुरुष, आणि दोन्हीकडे गावावर कोसळणारे अरिष्ट, वाडीवर दुष्काळ तर अग्रहारावर प्लेग. परंतु या दोन पुरुषांच्या विद्येचे जे होते ते इतके परस्परविरुद्ध आहे, की एक कादंबरी वाचल्यावाचून दुसरीचे मर्म पुरते हाती लागू नये.

औंध संस्थानाच्या हुकुमाने वाडीवर रुजू झालेला राजाराम सौंदणीकर हा कोवळा मास्तर. त्याच्या विद्येची धाव हजेरीपटापलीकडे फारशी नाही. पण म्हातारा कारभारी त्याच्या पाठीशी उभा राहतो आणि पाहता पाहता लोक त्याच्याकडे पत्रे लिहून घ्यायला, पैशांचा हिशेब करायला, भांडणे तोडायला येऊ लागतात. शास्त्र नाही, सनद नाही, तरी निवाडा होतो, कारण मास्तर गावात मिसळलेला आहे. त्याच्याच देखत शेकूचा एक बैल जातो, पेरणीची घात टळू नये म्हणून त्या धनगराची बायको दुसऱ्या बैलाच्या जोडीला स्वतः जू खांद्यावर घेते, आणि माडगूळकर त्या प्रसंगावर टिप्पणीचा एक शब्दही न खर्चता पुढे जातात.

दुर्वासपुरचे प्राणेशाचार्य म्हणजे काशीला अध्ययन केलेले, पंचक्रोशीत ज्यांचा शब्द प्रमाण असे पंडित. आचारभ्रष्ट नारणप्पा मरतो. त्याला जातिबहिष्कृत केलेले नसल्याने तो मेल्यावरही ब्राह्मणच, तेव्हा त्याचा अंत्यविधी कोणी करावा, हा पेच. प्रेत घरात असेतो गावाला अन्न वर्ज्य. त्यातच नारणप्पाजवळ राहणाऱ्या चंद्रीने क्रियेच्या खर्चापोटी उतरवून ठेवलेल्या दागिन्यांवर धर्मनिष्ठांच्या नजरा खिळलेल्या. आचार्य पोथ्या धुंडाळतात, मारुतीला कौल लावतात, उत्तर नाही. इकडे चंद्री रात्री अहमद बारी या मासळीच्या व्यापाऱ्याला गाठते आणि त्याच्या हातून प्रेताचे दहन होऊन जाते. निकालात निघालेल्या प्रकरणाचा निवाडा अग्रहार आपला शोधतोच आहे. उपरोधाचा इतका निर्दय प्रसंग मला मराठी कादंबरीत चटकन आठवत नाही. (बनगरवाडीतही अहमदसारखाच एक मुसलमान, मास्तरांच्या सोबतीला शाळेत येऊन राहणारा आयबू आहे; बिदरच्या मुलखातील वाचकाला या दोघांची ओळख करून द्यावी लागत नाही.)

निवाड्याची वाट पाहणे आम्हां सीमाभागातल्यांना नवे नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी जुन्या हैदराबाद संस्थानातील बिदर जिल्ह्याची वाटणी होऊन उदगीर, निलंगा, अहमदपूर एकीकडे गेले आणि औराद दुसरीकडे राहिले. मग सीमावादासाठी महाजन आयोग आला, १९६७ साली त्याचा अहवाल आला, २००४ मध्ये दावा सर्वोच्च न्यायालयात दाखल झाला. दप्तरांचे ढीग वाढत असता उदगीरशी सोयरिकी जमतच राहिल्या आणि तिकडची मोंढ्याची वाटही कोणी सोडली नाही. चंद्रीने जे एका रात्रीत केले ते इथले लोक वर्षानुवर्षे करीत आहेत, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होऊ नये.

दोहोंत श्रेष्ठ कोणती, असे कोणी विचारलेच तर प्रश्नाच्या खोलीत मी ‘संस्कार’ला झुकते माप देईन. बर्मिंगहॅममध्ये बसून लिहिलेल्या या पुस्तकात परंपरेकडे पाहण्याची जी निष्ठुर तटस्थता आहे, ती कदाचित त्या अंतरानेच दिली असावी. परंतु त्यातील चंद्री व बेळ्ळी या स्त्रिया पुरुषांच्या वासनेच्या आरशातूनच अधिक दिसतात, आणि अस्पृश्यांच्या झोपड्यांत माणसे मरत असल्याचा ओझरता उल्लेख येऊन जातो; अग्रहाराच्या आंधळेपणावर बोट ठेवणारा लेखकही तेथे थांबत नाही. उलट माडगूळकरांच्या वाडीत शेकूच्या बायकोला पुरते उभे राहायला जागा आहे. उणे आहे ते मास्तरांत. वाडीतल्या अंजीविषयी त्याच्या मनात जे काही हालते, त्याला लेखक हलकेच वळसा घालतो, आणि प्राणेशाचार्यांना जो स्वतःच्या आत उतरण्याचा दंड भोगावा लागतो त्यातून मास्तर साफ सुटतो. मराठी ग्रामीण कथनाने या सभ्य संकोचाची किंमत पुढे बरीच वर्षे मोजली, असे माझे मत आहे.

माझे कन्नड वाचन संथ असल्याने दुसरी जोडी पावसाळ्यापूर्वी पुरी होईलसे दिसत नाही. शिवराम कारंतांची ‘चोमन दुडी’ आणि आमच्या शेजारच्या लातूरकडील बोलीत रा. रं. बोराडे यांनी लिहिलेली ‘पाचोळा’ ही दोन पुस्तके त्यासाठी काढून ठेवली आहेत. त्यांत विद्वान कोणीच नाही, तेव्हा निवाडा कोणाकडे मागितला जातो ते पाहायचे.